तोंडी अदलाबदल

घरमालकांविरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की एखाद्या खोलीच्या चारही भिंती त्यांनी मढवून निघतील. अनामत परत न देणारे, अकरा महिने झाले की भाडं वाढवणारे, आडनाव ऐकून खोली नाकारणारे, पोरींनी किती वाजता घरी यावं ते ठरवणारे. सगळ्यांचा मी नावानिशी उद्धार केलेला आहे. मग बाबा गेले आणि मी घरमालकीण झाले. माझी इच्छा कुणी विचारली नाही. आई आधीच गेली होती. वारस म्हणून भावाचं आणि माझं नाव लागलं, आणि यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याच्या बाजूला असलेल्या लेआउटमधलं एक घर अर्धं माझं झालं.

मी स्वतः पांढरकवड्याला भाड्याच्या खोलीत राहते. केळापूर तालुक्यात आमचं काम चालतं. सरकारी जागेवर वर्षानुवर्षं संसार मांडलेल्या लोकांना राहत्या जागेचे पट्टे मिळावेत, एवढंच ते काम. सोपं वाटतं, पण नाही. मोर्चा, निवेदन, पुन्हा निवेदन, मग साहेबांची बदली, मग नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगणं. तिथे मी बायकांना घसा फोडून सांगते की कागद मागा, तोंडी शब्दावर राहू नका, उद्या बुलडोझर आला तर शब्द आडवा येत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं तर हसून घ्या.

बाबांच्या घरात भाडेकरू होते. बाबांनीच ठेवलेले. बाबा शेवटच्या वर्षी माझ्या भावाकडे नागपूरला गेले, तेव्हा घर बंद ठेवायचं कशाला म्हणून. बाई आरोग्य उपकेंद्रात नर्स, कायम नोकरीवर. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. नवरा एमआयडीसीत सूतगिरणीत, कंत्राटी. दोन पोरी. दर महिन्याला माझ्या खात्यात अर्धं भाडं यायचं आणि भावाच्या खात्यात अर्धं. ते पैसे आले की मला अंगावर काहीतरी सांडल्यासारखं व्हायचं. पण परत केले असंही नाही. चळवळीत मानधन किती मिळतं हे ज्याला माहीत आहे त्याला अधिक सांगायला नको.

विकून टाकू, असं भाऊच पहिल्यांदा म्हणाला. त्याने नागपुरात फ्लॅट बुक केला होता, बँकेने कर्ज दिलं होतं, पण स्वतःचा हिस्सा भरायचा होता आणि बिल्डर रोज फोन करत होता. मीही लगेच हो म्हटलं. घरमालकीणपण जाईल, सुटले. सिस्टरला सांगायला गेले तर ती दारातच थांबली, हातात पोरीची वेणी होती.

"इकायचं असन तर आम्हालेच द्या न ताई," ती म्हणाली.

"जमेल तुम्हाला?"

"पगार माहा कायम आहे. बँकेत इचारलं मी मागंच. देतो म्हणते."

"मागंच विचारलं? म्हणजे आम्ही विकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचे बाबा गेले तवाच समजलं आम्हाले. पोरं बाहेर राह्यली का घर इकतेच. दोन वर्षांपासून जीव टांगणीले आहे. दलाल लोकं गाडी घेऊन येते, फोटो काढते. पोरगी इचारते, आई, आपल्या घराचे फोटो काहून काढून राह्यले?"

आपल्या घराचे. मला तो शब्द पत्रकात वापरायला आवडला असता. तिथे त्या दारात उभं राहून तो ऐकायला मात्र आवडला नाही.

आमच्याकडे जमिनीचा भाव कापसाच्या मागून चालतो. दिवाळीनंतर कापूस विकला जातो, तुरीचा पैसा हातात पडतो, आणि डांबरी रस्त्याच्या कडेला प्लॉटवाल्यांचे मंडप लागतात. खुर्च्या, फुगे, थंड पाणी, आणि कालपर्यंत जिथे सोयाबीन होतं तिथे चुन्याच्या रेघा. मास्तर, ग्रामसेवक, दोन एकर विकून शहराकडे सरकलेले शेतकरी, सगळे येतात. भाव सांगणारा कधीच घाबरत नाही, ऐकणारा घाबरतो. या सगळ्याला मी जुगार म्हणत आले. पण घर विकायचं ठरलं आणि मी बसमधून जाताना त्या मंडपांवरचे फलक वाचू लागले. गेल्या वर्षापेक्षा भाव चढला की मनात काहीतरी सुखावायचं, आणि मग सिस्टरचा पगार आठवायचा. भाव वाढला तर तिला झेपणार नाही. भाव पडला तर भाऊ थांबणार नाही. एकाच घराबद्दल दोन्ही काळज्या मलाच. हा आमचा समाज कसा बनवलाय बघा, की माणूस एका डोळ्याने घरमालक आणि दुसऱ्या डोळ्याने माणूस.

आणि बँका! सिस्टरच्या नवऱ्याचा पगार बँकेने धरलाच नाही. कंत्राटी आहे ना. तो रोज डबा घेऊन कारखान्यात जातो, रोज कापसाची धूळ छातीत भरून घरी येतो, पण बँकेच्या हिशेबात तो घरीच बसलेला असतो. तरी सिस्टरच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसलं. कसंबसं बसलं. दलालाने आणलेलं एक गिऱ्हाईक भावाच्या हाताशी होतं, रोख पैसे देणारं, पण त्याला घर रिकामं हवं होतं. भाऊ म्हणाला, "तुले दिवाळीपर्यंत वेळ देतो. सिस्टरचं लोन झालं तर बरं, नाही तर मी त्याले हो म्हणतो. मले बिल्डरले पैसे द्यायचे आहे बाई, तुह्यासारखं निवेदन देऊन माहं भागत नाही."

मग बँकेने घराची किंमत काढायला इंजिनिअर पाठवला.

तरुण पोरगा होता, पाठीवर सॅक, हातात लाल उजेडाने भिंत मोजायचं यंत्र. मी पांढरकवड्याहून सकाळच्या गाडीने आले होते. सिस्टरने अंगण धुऊन ठेवलं होतं, पोरींना फ्रॉक घातले होते, जणू मुलीला बघायला पाहुणे येणार होते. इंजिनिअर एकेका खोलीत लाल ठिपका मारत होता आणि आकडे लिहीत होता. तेवढ्यात शेजारचे काका कुंपणाच्या भिंतीपाशी आले. बनियन, लुंगी, हातात दात कोरायची काडी. काका म्हणजे बाबांचे मित्र. एकाच कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर, निवृत्तीही पाठोपाठ, घरंही शेजारी.

"काय मोजून राह्यले साहेब?" काकांनी विचारलं.

"घर. लोनसाठी."

"मोजा, मोजा. चांगलं पक्कं घर आहे. याच्या पायात मी सोता पाणी मारलं आहे. फक्त एक सांगू का, प्लॉट माहा आहे."

इंजिनिअरचा लाल ठिपका तुळशीच्या कट्ट्यावर थांबला. "कोणता प्लॉट?"

"हाच. तुम्ही उभे आहे तो. कागदावर माहा. घर मात्र याईचं. अन् मी राह्यतो तो कागदावर याईचा, घर माहं. सारं बरोबर आहे, तुम्ही मोजा."

"म्हणजे?"

"म्हणजे बदलले ना बावा आम्ही. या इकडं, चहा घेऊ, सांगतो."

मी काकांच्या तोंडावर हात ठेवू शकले नाही. मला ही गोष्ट माहीत नव्हती असंही नाही. सगळ्या गल्लीला माहीत होती. दर नागपंचमीला ती सांगितली जायची, आणि आम्ही पोरं ती ऐकून कंटाळलो होतो. त्या गोष्टीत काही चूक आहे असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

गोष्ट अशी. लेआउट पडलं तेव्हा दोघांनी शेजारशेजारचे प्लॉट घेतले. बाबांच्या वाट्याला कोपऱ्याचा आला. पाया खणायच्या आधी आई बघायला गेली तर कोपऱ्यात वारूळ. मोठं, कमरेइतकं, कुणीतरी हळदकुंकूही वाहिलेलं. आई म्हणाली, नागाचं घर मोडून मी माझं घर बांधणार नाही. बाबांनी समजावलं, भांडले, दोन दिवस घरात बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी कचेरीत काका म्हणाले, कायले भांडता, तुम्ही माहा घ्या, मी तुमचा घेतो. मले वारूळ चालते. माही बायको दर वर्षी पूजेले शेतात जाते, आता घरीच सोय झाली. झालं. चहा प्यायले, पान खाल्लं, कचेरीतल्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी काकांच्या प्लॉटवर घर बांधलं, काकांनी बाबांच्या. काकांनी वारूळ तसंच ठेवून भिंत दोन हात अलीकडे घेतली. घर बांधायला पैसे दिले कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेने, आणि तिने कागद नाही, पगार पाहिला. घरपट्टी ज्याच्या-त्याच्या नावाने, वीज ज्याच्या-त्याच्या नावाने. खरेदीखतं मात्र दोन्ही ट्रंकांत जशीच्या तशी राहिली.

इंजिनिअरने चहा घेतला. गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. वारूळ पाहिलं, त्याचा फोटो काढला. "अशी माणसं राहिली नाहीत आता," असं तो काकांना म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला. मग त्याने ते सगळं अहवालात लिहून टाकलं.

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, "ताई, म्हणजे आम्ही इतके वर्षं कोनाच्या घरात राह्यलो?"

बँकेत कर्जाचा साहेब माझ्याशी फार सभ्यपणे बोलला. सभ्य माणसांचा मला जास्त राग येतो. तो म्हणाला, "मॅडम, जे तुम्ही विकता आहात ते तुमचं नाही. आणि जे तुमचं आहे ते तुम्ही विकत नाही. आम्ही तारण काय घ्यायचं?" मी भांडले. सगळी गल्ली साक्ष देईल म्हटलं. घरपट्टी दाखवली, विजेचं बिल दाखवलं. तो म्हणाला, गल्लीची साक्ष बँकेत चालत नाही, अदलाबदलीचा नोंदणीकृत दस्त करून आणा, मग बघू. आणि अगदी हेच, जवळजवळ याच शब्दांत, मी वस्तीतल्या बायकांना सांगत असते. त्या दिवशी मी त्याच्या टेबलावर हात आपटला नाही. माझ्यात तेवढी ताकदच राहिली नव्हती.

दस्त करायला काय, काका तर तयारच होते. पण मी भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे कोपऱ्याचा आपला?"

"कागदावर."

"कागदावरच असते सगळं. अवं, त्या कोपऱ्याचा भाव माहीत आहे का तुले? समोरून एमआयडीसीचा रस्ता रुंद झाला. काकानं तिथी गाळा काढला, झेरॉक्सवाल्याले भाड्यानं दिला. आपल्या जागेवर! आपल्या घराच्या दुप्पट भाव आहे त्याचा."

"ती जागा काकांची आहे."

"तू म्हणते. सातबारा म्हणते का?"

"आईनेच नको म्हटलं होतं तो प्लॉट."

"आईले थोडी माहीत होतं का तिथी रस्ता होणार आहे म्हणून? अदलाबदल करू न, मी कुठं नाही म्हणतो. पण बरोबरीची करू. जेवढा फरक तेवढा काकानं द्यावा."

"तू पागल झाला का?"

"मी नाही, बिल्डर झाला पागल. दिवसातून दोनदा फोन करते."

भाऊ वाईट माणूस नाही. हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही, मला त्याचा संताप आला होता आणि अजून आहे. पण ज्या माणसाच्या पगाराचा मोठा तुकडा पुढची वीस वर्षं बँकेला जाणार आहे, त्याला शेजारच्या वारुळातही पैसा दिसायला लागतो. हे एका माणसाचं लोभीपण नाही. राहायला छप्पर मिळवण्यासाठी माणसाने म्हातारा होईपर्यंत गहाण पडायचं, ही पद्धतच अशी आहे की ती भावाला काकांवर सोडते आणि भाडेकरणीला घरमालकिणीवर. असं मी त्याला फोनवर म्हटलंही. तो म्हणाला, "हे पत्रकात लिही. आता ठेवतो."

काकांपर्यंत ही गोष्ट कशी गेली मला माहीत नाही. भावानेच फोन केला असेल. एका दुपारी ते पांढरकवड्याला माझ्या खोलीवर आले, एसटीने, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. खोलीत एक खुर्ची, ती त्यांना दिली. मी जमिनीवर, पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले. वरच्या मजल्यावरून माझी घरमालकीण ओरडत होती, "मोटर कोनं चालू ठेवली? भाड्यात पाणी धरलं म्हणून टाकी उपसायची नाई!" काका छताकडे बघून हसले.

"तुह्या घरमालकिणीचा आवाज तुह्यापेक्षा मोठा आहे."

"तिचा फक्त घरात चालतो काका, माझा चौकात."

मग ते डाळीबद्दल बोलले, काकूच्या गुडघ्याबद्दल बोलले, झेरॉक्सवाल्याचं मशीन बिघडलं त्याबद्दल बोलले. मूळ गोष्टीवर येईनात. शेवटी मीच विचारलं, "काका, तुम्ही तेव्हाच कागद का नाही केला? कचेरीत बसून दोघं लोकांचे कागद करत होता ना?"

ते पिशवीच्या गाठीशी खेळत राहिले. "तुह्या बाबाले म्हणलं असतं का चाल, रजिस्टर करू, तर त्याले वाटलं असतं का माह्या मनात काही आहे. अन् त्यानं मले म्हणलं असतं तर मलेबी तेच वाटलं असतं. मंग कोन म्हणन?"

"अहो, पण..."

"दुसऱ्याचा कागद करनं सोपं असते पोरी. पैसे नाही म्हणून नाही केला असं नको समजू. लाजेनं नाही केला." मग ते हळूच म्हणाले, "म्हातारीले अजून सांगतलं नाही मी. ती म्हणन का आपण इतके वर्षं लोकाच्या जागेत पूजा करून राह्यलो. तुहा भाऊ म्हणते फरक द्या. मी कोठून देऊ? गाळा इकू का?"

मी त्यांना म्हटलं, तुम्ही एक पैसा देणार नाही. ते म्हणाले, तुह्या एकटीच्या सहीनं थोडी होते. ते खरंच होतं. ते गेल्यावर मी डाळ डब्यात ओतली आणि तशीच बसून राहिले. त्या आठवड्यात वणीच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत सभा होती. पट्टा, कागद, हक्क, सगळं बोलायचं होतं. मी गेले, बोलले, लोकांनी टाळ्या दिल्या. माझा मलाच आवाज लांबून कुणीतरी लाउडस्पीकर लावल्यासारखा येत होता.

भावाला शेवटी नैतिकतेने नाही, घाईने वळवलं. दलालाच्या गिऱ्हाइकाला वारुळाची गोष्ट कळली. गावात गोष्टी पायी चालत नाहीत. तो म्हणाला, कागदाची भानगड मी बघतो, पण मग भाव निम्मा. म्हणजे जी खोट बँकेला अडवते तीच खोट रोखवाल्याला स्वस्त माल मिळवून देते. हे नीट वाचा. कागद नसलेल्या माणसाचं घर त्याच्याकडून कसं हिसकलं जातं ते याहून सोप्या भाषेत मला सांगता येणार नाही. भाऊ हिशेबात पडला. काकांशी भांडायचं तर कोर्ट, कोर्ट म्हणजे फ्लॅटचा ताबा आपल्या हयातीत नाही. सिस्टरचं कर्ज हाच सगळ्यात जवळचा पैसा. तो मिळायला दस्त हवा. दस्त व्हायला काकांची खुशीची सही हवी.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण दस्ताचा खर्च तुह्या हिश्शातून. मले सांगू नको."

सरकारी शुल्क दोन प्लॉटांपैकी जो महाग त्याच्या दराने लागतं. म्हणजे कोपऱ्याच्या. सरकारने रस्ता रुंद केला, त्याने भाव वाढला, आणि वाढलेल्या भावावर सरकारनेच शुल्क घेतलं, अशा अदलाबदलीवर जी माझ्या जन्माच्या आधी झाली होती. मी हो म्हटलं. मैत्रिणी म्हणाल्या, केवढा मोठेपणा. मोठेपणा वगैरे काही नव्हता, मला कंटाळा आला होता. नाही म्हणायला जे बळ लागतं ते मी त्या वर्षी पट्ट्यांच्या निवेदनांत घालवून बसले होते.

नोंदणीच्या दिवशी यवतमाळला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेजारी काकू, कारण शेवटी तिला सांगावंच लागलं होतं. भाऊ नागपूरहून आला, काकांच्या पाया पडला, आणि दोघांनीही फरकाबद्दल एक शब्द काढला नाही. अंगठे यंत्रावर ठेवून झाले. टेबलामागच्या माणसाने नेमाने विचारलं, "ही अदलाबदल तुम्ही स्वखुशीने करता आहात ना?"

काका म्हणाले, "खुशीनं तर तवाच केलती साहेब. आता बँकेच्या खुशीनं करून राह्यलो."

कुणी हसलं नाही. मागे रांग होती.

बाहेर आल्यावर काकू माझ्या हाताला धरून म्हणाली, "तुही माय असती तर आज हे झालं नसतं." मला वाटलं ती रागावली आहे. पण ती पुढे म्हणाली, "तिनं कोनालेच घर इकू देलं नसतं." मग त्या दोघांनी ऑटो केला. त्या दिवसापासून काका कुंपणाच्या भिंतीपाशी आले की आधी थांबतात, हाक मारतात, मग बोलतात. आधी असं थांबत नव्हते. आता दोन्ही प्लॉट ज्याचे त्याचे आहेत, कागद चोख आहे, आणि ती भिंत भिंतीसारखी वाटते. यावर मी काय म्हणू? कागद मागा, हे मी अजूनही म्हणते. म्हणावंच लागतं.

दुसऱ्यांदा तोच इंजिनिअर आला. या वेळी काका घरात बसून राहिले. त्याने भिंती पुन्हा मोजल्या आणि घर जुनं म्हणून किंमत बाजारापेक्षा बरीच खाली धरली. बाजार म्हणतो घर सोन्याचं, बँक म्हणते विटांचं, आणि मधली दरी नर्सने भरायची. सिस्टरचं कर्ज ठरलेल्या किमतीला पुरेना. भावाने त्याचा हिस्सा पूर्ण मागितला, त्याला तो मिळाला. उरलेला तुटवडा माझ्या अर्ध्यात आला. मी सिस्टरला म्हटलं, जमेल तसं द्या. ती म्हणाली, जमन तसं नाही, दर महिन्याले देतो, भाड्याच्या तारखेले. म्हणजे घर गेलं, घरमालकीणपण गेलं, आणि मी तिची सावकार झाले. सावकारांवरही माझी पत्रकं आहेत.

खरेदी झाल्यावर काही आठवड्यांनी मी यवतमाळला कचेरीत निवेदन द्यायला गेले होते, तेव्हा तिकडे डोकावले. दारात रेती आणि विटांचा ढीग. आत धूळ, आणि एक मिस्त्री स्वयंपाकघराचा ओटा फोडत होता. आईने बांधून घेतलेला ओटा. काळ्या फरशीचा. त्यावर आई पुरण वाटायची. छिन्नी लागायची आणि फरशी तुकड्यांनी खाली पडायची. सिस्टर पदर कमरेला खोचून तुकडे घमेल्यात भरत होती.

"या ताई. पाय जपून. नवीन ओटा करून राह्यलो."

"का? चांगला होता की."

"चांगला होता, पण खाली होता. तुमची आई ठेंगणी असन." तिने हाताने दाखवलं, कमरेच्या बरंच खाली. खरंच, सिस्टर उंच आहे. हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "पोळ्या लाटून लाटून कंबर गेली माही. रोज वाकूनच."

"मग सांगायचं ना! आम्ही उंच करून दिला असता."

ती घमेलं खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. पेशंटकडे बघावं तसं.

"सांगतलं असतं तर भाडं वाढलं असतं न ताई."

"मी वाढवलं असतं? मी?"

"तुम्ही नाई, तुमच्या भावानं. तुम्हाले फक्त सांगतलं असतं का वाढलं." ती हसली. "अन् तुम्ही हाव म्हणलं असतं."

मिस्त्रीने विचारलं, "बाई, किती उंच घेऊ?" ती भिंतीला टेकून सरळ उभी राहिली, हात कोपरात दुमडला, आणि कोपराखाली बोटाने रेघ मारली. "इथपर्यंत." मिस्त्रीने पेन्सिलने तिथे खूण केली. मी घमेलं उचललं आणि तुकडे बाहेरच्या ढिगावर नेऊन टाकले. पुन्हा आत आले, पुन्हा भरलं. माझी दुपारची गाडी होती, पण ओटा बराच जड निघाला.